चुकायची सोय नव्हती

रस्त्यावर एखाद्या दुकानाच्या पाटीत इंग्रजी शब्द चुकलेला दिसला की मी अजून दचकते. पाटी माझी नाही, दुकान माझं नाही, तरी मी घाईघाईनं पुढे जाते. वाटतं, आबामामा मागून येताहेत आणि आता विचारणार, "शालन, काय वाचलंस गो?" माझा नातू हसतो. त्याचा फोन म्हणे शब्द आपोआप सुधारून देतो, त्यामुळे स्पेलिंग ही काय भानगड असते ते त्याला ठाऊकच नाही. मी त्याला सांगते, बाबा रे, तुला फोन मिळाला, मला मामा मिळाले. फोन निदान बंद तरी करता येतो.

आमच्या तोंडवलीला सातवीच्या पुढे शाळा नव्हती. बाबा शिडाच्या गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. पावसाळा सोडला तर ते घरी पाहुण्यासारखे यायचे. आईच्या पदरात माझ्या पाठची लहान भावंडं. त्या काळी इंग्रजीची एबीसीडी आठवीत सुरू व्हायची आणि आठवी मालवणात होती. मालवणात आईचे थोरले भाऊ होते, आबामामा. मुंबईची नोकरी सोडून गावी येऊन राहिलेले, पोरबाळ नाही. तेव्हा मला तरीत, म्हणजे खाडीवरच्या होडीत, बसवून खाडीपार करून त्यांच्या दारात नेऊन उभी केली. मामांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आईला म्हणाले, "चेडू आता माजा. तेच्या इंग्रजीची काळजी तू करू नको." आई सुटकेनं रडली. मी मात्र पडवीच्या लाकडी गजांकडे बघत होते. आमच्या घराला दार होतं ते रात्रीपुरतं, आणि इथे दिवसाउजेडी गज!

घर तसं छान होतं. सारवलेलं खळं, परसात रतांब्याचं झाड, विहिरीवर कुरकुरणारा रहाट. माडांच्या रांगेपलीकडे समुद्र. पण तो नुसता ऐकू यायचा, दिसायचा नाही. तोंडवलीच्या मुलीला समुद्र ऐकू यावा आणि दिसू नये, ही काय शिक्षा आहे ते तिलाच विचारा. संध्याकाळी किनाऱ्यावर रापण ओढायचे. सगळे मिळून जाळं खेचताना एका सुरात ओरडतात ना, ती ओरड पडवीत यायची आणि माझे तळहात शिवशिवायचे. घरी असते तर दोराला जाऊन लटकले असते, परकराच्या ओच्यात तारलीची मासळी घेऊन आले असते. इथे मी पाटावर. समोर आरामखुर्चीत मामा, मागे खुंटीला त्यांचा मुंबईचा कोट. तो कोट त्यांनी मालवणात आल्यापासून एकदाही अंगात घातला नव्हता, पण दर रविवारी झटकायचे.

शाळेतून आले की उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याची खोबरं घालून केलेली किसमूर. मामी प्रेमानं वाढायची, पण मामांचं लक्ष माझ्या घासाकडे. शेवटचा घास गिळायच्या आत हाक, "चल गो." ते शब्द उच्चारायचे, मी एकेक अक्षर मोठ्यानं सांगायचं. सोप्यापासून सुरुवात आणि शेवटी तो एक शब्द, सेपरेट. तो ते नेहमी शेवटी ठेवायचे, आणि तो यायची वेळ झाली की खुर्चीत पुढे सरकून बसायचे. "मदी काय आसा? उंदीर आसा, अ रॅट! ए, आर, ए, टी. उंदराक इसारलंस काय घर बुडला." आणि कुठेही, कुठल्याही शब्दाला जीभ अडखळली की दोनच शब्द: "चुकलंस. पयल्यापासून." शेवटच्या शब्दाला चुकलं तरी पहिल्यापासून. मामा कधी हात उगारायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत. तसं केलं असतं तर मी भांडले तरी असते. ते नुसते वाट बघायचे, आणि त्यांना वाट बघायला सगळं आयुष्य पडलेलं होतं.

मामी आत आडाळ्यावर नारळ खवत बसलेली असे. तिला अक्षरओळख नव्हती, पण जीभ धारदार. माझं एक स्पेलिंग झालं की ती आतून गाऱ्हाण्याच्या चालीवर म्हणायची, "व्हय म्हाराजा!" मामा चिडायचे, मी हसू दाबायची. देशावरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. गावकर, म्हणजे देवळाचे मानकरी, हात जोडून देवाला एकेक वाक्य सांगतात आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला म्हणतात, "व्हय म्हाराजा." लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडतं की गावकर नेमकं काय बोलले हे ऐकायचीही गरज उरत नाही. त्यांनी श्वास घेतला की आपलं व्हय.

दहावीच्या वर्षी चतुर्थीला घरी जायचं होतं. बाबा घरी आलेले, गणपती आणायचा, धाकट्या भावानं गणपतीवरची माटवी सजवायला जंगलातून कवंडळाची लाल फळं आणून ठेवलेली. मी गाठोडं बांधून पडवीत आले, तर मामा खुर्चीत. "एकदा म्हणान दाखय, मगे जा." माझं चित्त खाडीवर. चुकले. पहिल्यापासून. घाईत पुन्हा चुकले. मामी बाहेर येऊन म्हणाली, "अवो, तर सुटतली. सणाचा तरी सोडा तेका." मामा म्हणाले, "सण आसा म्हणान स्पेलिंग बदालता?" शेवटची होडी सुटली. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा गणपती बसला होता, आरती होऊन गेली होती, आणि आईनं माझ्या वाटणीचे मोदक झाकून ठेवले होते. ते खाताना मी इतकी रडले की बाबा घाबरले. पण मामांना जाब विचारायची छाती कुणात होती? त्यांच्या घरचं अन्न खात होते मी, आणि शाळेत इंग्रजीत पहिला नंबर माझा होता. तक्रार करणार तरी कशाची?

मामा असे का, हे मला मामीनं सांगितलं. मामा ताप येऊन झोपले होते आणि आम्ही दोघी चुलीपुढे कुळीथ निवडत होतो. मुंबईत मामा एका साहेबाच्या ऑफिसात कारकून होते. अक्षर मोत्यासारखं, म्हणून सूचनाफलक लिहायचं काम त्यांच्याकडे. एकदा फलकावर तोच शब्द चुकला, सेपरेट. मधल्या ए-च्या जागी ई. साहेबानं तांबड्या शाईनं त्या अक्षराभोवती गोल काढला आणि हुकूम दिला की हा फलक काढायचा नाही. शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळे येता-जाता बघायचे. "काय आबा, ई की ए?" असं म्हणायचे. मामा बरेच दिवस त्या फलकासमोरून खाली मान घालून जात राहिले आणि मग एक दिवस गेलेच नाहीत. "तेवापासून ह्यांचा ह्या असा," मामी म्हणाली. "एका अक्षरासाटी माणूस घराक इलो. शिरा पडली त्या सायबाच्या तोंडार!" मला मामांची दया आली. पण दया आली म्हणून गज काही रुंद होत नाहीत. मी त्यांच्या चुकीच्या आत राहत होते, आणि तिथून बाहेर पडायची वाट एकच दिसत होती, ती म्हणजे मॅट्रिक.

मला मास्तरीण व्हायचं होतं. हेडमास्तर म्हणाले होते, शालन, तू कोल्हापूरला ट्रेनिंगला जा, तुझ्यासारखी मुलगी सहज पास होईल. मी ते आईला सांगितलं. आई म्हणाली, मामा म्हणतील तसं. बाबा म्हणाले, मामा म्हणतील तसं. मामांना मी सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आदी पास हो." मला वाटलं, म्हणजे हो. मूर्ख मी.

परीक्षेच्या आधी मामा मामीला आणि मला गावाच्या देवळात घेऊन गेले. नारळ ठेवला, गावकर उभे राहिले. सकाळची वेळ, सभामंडपात नेहमीची माणसं, बाहेर चाफ्याखाली दोन म्हाताऱ्या. मामांनी गावकरांच्या कानात काहीतरी सांगितलं. गावकरांनी घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा, आज जो काय आबान तुज्या चरणाकडे नारळ ठेवलोहा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तेच्या भाचयेक परीक्षेत यश दी, तिच्या हातान एकय चूक होव देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि पास झाली काय ह्याच वर्सा तिका जामसंड्याच्या दुकानवाल्यांच्या झिलाक देवची, असो जो शब्द आबान दिलोहा, तो पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. डोळे मिटून, हात जोडून मीही म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. माझाच आवाज माझ्या कानावर पडला आणि मग ते वाक्य मला कळलं: पास झाले की जामसंड्याच्या दुकानवाल्यांच्या मुलाशी माझं लग्न. शेजारी मामी उभी होती. तिचेही हात जोडलेले, आणि तोंड उघडं राहिलेलं. तिलाही ठाऊक नव्हतं. गावकर पुढे बोलत होते, गावची गुरंढोरं, गलबतावरची माणसं, चुकल्यामाकल्याला पदरात घे, आणि लोक व्हय व्हय म्हणत होते, आणि मी पाय चिकटल्यासारखी तिथे उभी. देवळातून ओरडत बाहेर पडावं असं वाटलं. पण देवासमोर कबूल झालेली मुलगी ओरडणार तरी काय?

वाटेत मी विचारलं, "मामानू, ह्या कधी ठरला?" ते म्हणाले, "बरा घर आसा. झील मुंबईक नोकरीक आसा. आणि तूय व्हय म्हटलंस मा?"

आता बघा माझी गत. नापास झाले तर तोंड दाखवायला जागा नाही. पास झाले तर जामसंडे. परीक्षेला जाताना मी ठरवलं होतं की इंग्रजीच्या पेपरात मुद्दाम चुकायचं. थोडं नव्हे, भरपूर. पहिला प्रश्न घेतला, एक शब्द चुकवायचा म्हणून टाक टेकवला, आणि हात चालेना. खरं सांगते, चुकीचं अक्षर कागदावर उतरेचना. इतकी वर्षं ज्याला घाबरले ते आपल्या हातानं करायचं म्हटल्यावर कानात "पयल्यापासून" ऐकू यायला लागलं. चूक करायचीसुद्धा सवय लागते, ती मला कुणी लावलीच नव्हती. शेवटी मी मुकाट्यानं सगळं बरोबर लिहिलं. बाहेर आले तेव्हा मैत्रिणी पेपर कठीण होता म्हणून रडत होत्या आणि मी सोपा गेला म्हणून.

निकाल लागला. इंग्रजीत शाळेत पहिली. मामा स्वतः बाजारात गेले, गुळाचं खाजं घेऊन आले आणि वाडीत घरोघर वाटलं. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, त्या दिवशी ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. "एक चूक नाय," येईल त्याला सांगत होते, "एकय चूक नाय." जामसंड्याचे लोक पुढच्या आठवड्यात येणार होते. मामी आत आमटीसाठी नारळ खवत होती, पण तिचा आडाळा नेहमीसारखा वाजत नव्हता.

मी मामांसमोर जाऊन उभी राहिले. पाटावर बसले नाही.

"मामानू, माका लगीन करूचा नाय. माका कोल्हापुराक जावचा आसा."

त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं. राग आला नाही. ते खुर्चीत मागे टेकले. मग हळू, समजावणीच्या सुरात म्हणाले, "शालन, तू पास झालंस. म्हणजे चुकलंस नाय. आता फुडे खंय जातंस चुकूक?"

माझी नजर त्यांच्या मागच्या खुंटीवर गेली. त्यांना माझं वाईट करायचं नव्हतं. माझं इंग्रजी त्यांना कोटासारखं खुंटीला टांगून ठेवायचं होतं, झटकायचं आणि ठेवायचं, कुठल्या साहेबाच्या नजरेला पडू द्यायचं नाही. जामसंड्याच्या स्वयंपाकघरात कोण विचारणार होतं सेपरेटचं स्पेलिंग? तिथे मी कायमची पास झालेली राहिले असते. हे कळलं आणि मला रडू आलं, आणि रडता रडता जे तोंडातून निघालं ते मी ठरवून बोलले नव्हते.

"माका चुकूचा आसा, मामानू. माका चुकूक द्या."

आतून आडाळ्याचा आवाज थांबला. मामी हात पुसत बाहेर आली. "आयकलास चेडवान काय म्हटला ता? आता देवळात जावा आणि देवाक सांगा काय शब्द माघारी घेतलो."

"देवाक दिलेलो शब्द माघारी घेवक येता?" मामा म्हणाले. "लोक काय म्हणतले? आबा पुन्ना चुकलो."

"देव काय तुमचो सायब आसा?" मामी कडाडली. "तांबडी शाय घेवन बसलो नाय तो! दर गाऱ्हाण्यात चुकलामाकला पदरात घे म्हणान सांगतास, ता कोणासाटी सांगतास? शेजाऱ्यासाटी?"

मामा दोन दिवस जेवणापुरते बोलले. मला त्या दोन दिवसांत पडवीत कुणी बोलावलं नाही, आणि मोकळीक मिळूनही मी किनाऱ्यावर गेले नाही. घरातच भुतासारखी फिरत राहिले. तिसऱ्या सकाळी ते नारळ घेऊन उभे राहिले आणि नुसतं "चला" म्हणाले. देवळात तीच माणसं. मामांनी गावकरांना बाजूला घेऊन सांगितलं. गावकर वयस्कर, कानानं थोडे जड. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "म्हणजे शब्द फिरवतंस. बरा. पण चूक कोणाची म्हणान सांगू देवाक? चेडवाची?"

मामांनी 'हो' म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. पोरीनं ऐकलं नाही, देवा, क्षमा कर. कुणी त्यांना हसलं नसतं. उलट कीव केली असती. मामांनी हातातला नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"माजी," ते म्हणाले.

"काय?" गावकरांनी कानाला हात लावला. "मोट्यान सांग, आबा."

"माजी चूक!" मामा ओरडले. माझ्या सगळ्या आयुष्यात मी त्यांना तेवढं एकदाच ओरडताना ऐकलं. चाफ्याखालच्या म्हाताऱ्यांनी मान वळवून बघितलं. गावकरांनी मान हलवली, नारळ घेतला आणि रोजचं काम असावं तसं गाऱ्हाणं घालून मोकळे झाले. आम्ही पायऱ्या उतरलो तेव्हा मामांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. मामी पुढे झपाझप चालत होती, मागे वळून बघत नव्हती. मला मामांचा हात धरावासा वाटला. आमच्यात तशी पद्धत नव्हती, म्हणून धरला नाही. जामसंड्याचे लोक रागावले, मामांना बरंवाईट बोलले आणि पुढच्याच महिन्यात दुसरीकडे सोयरीक करून मोकळे झाले. त्यांचं माझ्यावाचून काही अडलं नव्हतं, हे ऐकून मला थोडं वाईटही वाटलं, काय सांगू!

शाळा उघडायच्या सुमाराला मी घाट चढून कोल्हापूरला गेले. तिथे माती वेगळी, भाषा वेगळी, आमटीला खोबरं कमी आणि तिखट जास्त. समुद्र ऐकूही येत नव्हता. पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या बाईंनी मला फळ्याकडे बोलावलं आणि सगळ्या वर्गासमोर एक वाक्य लिहायला सांगितलं. एका साध्या शब्दात, मामांच्या यादीतही नसलेल्या शब्दात, मी चुकले. माझं मलाच लगेच दिसलं. मी फळ्याकडे तोंड करून तशीच उभी राहिले, मागे वळायचा धीर होईना. आता हसणार, आता बाई तांबडा खडू उचलणार, आता हा शब्द असाच ठेवणार. कुणी हसलं नाही. मागे मुली वह्या काढत होत्या, एकीला शिंक आली. बाई माझ्या शेजारी आल्या, फडकं माझ्या हातात दिलं आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, "पूस, आणि परत लिही." मी पुसलं. मला वाटलं होतं की मी लगेच लिहीन, पण हातातलं फडकं डोळ्यांवर धरून मी वर्गासमोर हमसून हमसून रडायला लागले, आणि त्या बिचाऱ्या बाईंना काही केल्या कळेना की या कोकणातल्या मुलीला एवढं काय झालं.